पिशवी काढण्याची घाई नको!

एप्रिल उजाडला की आमच्या वस्तीत वर्दळ सुरू होते. कारखान्यांचा पट्टा पडतो, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावी परततात, सहा महिने कुलूप असलेल्या घरांतल्या चुली पेटतात. याच दिवसांत आणखी एक वर्दळ सुरू होते, पण तिच्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही. उसाच्या फडातून परतलेल्या बाया दवाखान्याच्या पायऱ्या चढू लागतात.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी आमच्या गल्लीतली एक सून माझ्याकडे आली. वय एकोणतीस, पदरात दोन लेकरे. म्हणाली, "ताई, बचत गटातून पस्तीस हजार मिळतील का? तेवढा अर्ज लिहून द्या."

"कशाला गं एवढे?"

तिने मान खाली घातली. "पिशवी काढायची हाय. पिशवीला सूज हाय म्हणले डॉक्टर. ठेवली तर कॅन्सर व्हईल म्हणले."

मी पडले कारकून बाई. कागद पाहिल्याशिवाय सही करायची मला सवय नाही. म्हटले, कागद आण. तिने पिशवीतून एक सोनोग्राफीचा कागद काढला. रक्ताची तपासणी नाही, आतून तपासल्याची नोंद नाही, कॅन्सरची कसलीही चाचणी नाही. एका कागदावर बाईचे गर्भाशय काढायचे ठरले होते! तिचा त्रास विचारला तर पाळीत ओटीपोट दुखते, कंबर मोडते, अंगावरून पांढरे जाते, वास येतो, चालताना धाप लागते.

मी अर्ज लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि तिला घेऊन सरकारी रुग्णालयात गेले. तिथल्या बाई डॉक्टरांनी आतून तपासले, रक्त काढले. हिमोग्लोबिन निघाले ८.२. बाईचे ते किमान १२ असावे लागते. पिशवीला गाठ नव्हती. होता तो जंतुसंसर्ग. नवरा-बायको दोघांनाही गोळ्यांचा कोर्स दिला, तिला लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. सहा महिन्यांत धाप गेली, पांढरे पाणी थांबले, दुखणे निम्म्यावर आले. तिची पिशवी आजही जागेवर आहे. पस्तीस हजारांचे कर्जही झाले नाही.

तिच्या थोरल्या जावेला मात्र हे सांगणारे कोणी भेटले नव्हते. तिची पिशवी एकतिसाव्या वर्षी काढली. आज ती अडतीस वर्षांची आहे. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने अंथरूण भिजते, गुडघे बोलतात, कंबर तर पहिल्यापेक्षा जास्त दुखते. कर्ज फेडायला पुन्हा कोयता हाती घ्यावाच लागला.

एकाच घरातल्या या दोन जावांची गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या हजारो घरांची आहे. म्हणून आज हा लेख.

आकडे काय सांगतात?

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो मजूर ऊसतोडीला जातात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, थेट कर्नाटकापर्यंत. २०१९ साली या बायांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्या वेळी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती.

भागाकार करून पाहा. साधारण दर सहा बायांमागे एक! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत साऱ्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनही भरत नव्हते. दोन्ही पाहण्या वेगवेगळ्या आहेत, हे मान्य. तरी एवढा फरक नुसत्या आजारामुळे पडत नाही.

खाड्याचा हिशेब

फरक कशामुळे पडतो, हे ऊसतोडीला गेलेल्या घराला सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, लग्नात नाहीतर दुखण्यात खर्चही झालेली असते. मग एक दिवस काम चुकले की खाडा पडतो, पाचशे-पाचशे रुपये कापले जातात. पाळी आली, पोट दुखले, तरी पहाटे चारला फडात उभे राहायचे, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचे. कोपीजवळ संडास नाही, न्हाणी नाही, धुवायला पुरेसे पाणी नाही. ओलाच कपडा पुन्हा वापरायचा. त्यातून संसर्ग होतो, संसर्गातून दुखणे वाढते. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न आणि विशीच्या आत दोन बाळंतपणे झालेली असली, तर शरीर आधीच खचलेले असते. मग कोणीतरी म्हणते, "लेकरं झाली ना? मग पिशवीचं काय काम? काढून टाक, कटकट मिटली."

आता हा हिशेब माझ्या पद्धतीने मांडते. महिन्याला चार खाडे धरले तर दोन हजार. हंगाम सहा महिन्यांचा, म्हणजे बारा हजार. ऑपरेशनला पस्तीस हजार. म्हणजे जवळजवळ तीन हंगामांचे खाडे एकदमच भरले, शिवाय कर्जाचे व्याज. त्यात ऑपरेशननंतर निदान सहा आठवडे जड उचलता येत नाही. पुढच्या औषधपाण्याचा खर्च तर यात धरलेलाच नाही. खाडा वाचवायला पिशवी काढणे म्हणजे पावसात छत गळते म्हणून घरच पाडणे.

पाळीत पोट का दुखते?

पाळी म्हणजे शरीरातली घाण बाहेर पडणे, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खरी नाही. दर महिन्याला गर्भाशयात एक मऊ अस्तर तयार होते. गर्भ राहिला नाही की ते रक्ताबरोबर गळून पडते. ते बाहेर टाकायला पिशवी आवळते आणि सैल होते. त्या वेळी अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य सुटते. ते जास्त सुटले की आवळणे जोराचे होते आणि दुखते. हे दुखणे पाळीबरोबर येते आणि दोन-तीन दिवसांत जाते. तो आजार नव्हे. मात्र दुखते हे खरे असते, "नाटकं करते" म्हणून उडवून लावू नये.

यावर घरात करण्यासारखे पुष्कळ आहे. ओटीपोट आणि कंबर गरम पाण्याच्या पिशवीने किंवा बाटलीने शेकावी. हलके चालावे, पाणी भरपूर प्यावे. तरी राहवले नाही तर आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. दुखायला लागताच, जेवल्यावर, सांगितलेल्या मात्रेतच, दोन-तीन दिवस. जठरात अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, अथवा दिवस गेल्याची शंका असेल, तर या गोळ्या मनाने घेऊ नयेत. आणि हंगामभर रोज गोळी खाऊन उन्हात, कमी पाण्यावर राबणे तर मूत्रपिंडाला घातकच आहे.

पुढील लक्षणे असतील तर मात्र तपासणी लांबवू नये:

पाळी आठ दिवसांपेक्षा जास्त चालणे. दर तासा-दोन तासाला कपडा भिजणे, मोठ्या गाठी पडणे. पाळी सोडून मधल्या दिवसांतही ओटीपोट दुखणे. दुखणे वर्षागणिक वाढत जाणे. संबंधानंतर रक्त जाणे. पांढऱ्या पाण्याला वास, खाज किंवा हिरवट-पिवळा रंग असणे, त्याबरोबर ताप येणे. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे.

थोडे पांढरे पाणी, वास नसलेले, हे बाईच्या शरीराचा धर्मच आहे. पांढरे जाते म्हणजे हाडे झिजतात, कॅन्सर होतो, ही निव्वळ भीती आहे. भीती दाखवूनच बऱ्याच पिशव्या काढल्या जातात.

हार्मोन बिघडते म्हणजे काय?

पाळीचे वेळापत्रक हार्मोन सांभाळतात. बीजकोशातून, म्हणजे ओव्हरीतून, दोन हार्मोन निघतात. एक अस्तर वाढवते, दुसरे वाढलेले अस्तर सांभाळते आणि वेळेवर पडू देते. ज्या महिन्यात बीज सुटत नाही, त्या महिन्यात दुसरे हार्मोन तयारच होत नाही. अस्तर वाढत राहते, पाळी लांबते आणि मग एकदम धो धो जाते. मुलीला पाळी सुरू झाल्यावरची पहिली दोन-तीन वर्षे आणि चाळिशीनंतर पाळी जाण्याआधीची काही वर्षे असे होऊ शकते. त्यावर गोळ्यांनी उपचार होतो.

थायरॉइडच्या बिघाडानेही पाळी बिघडते. ते रक्ताच्या साध्या तपासणीत कळते. तरुण मुलींमध्ये पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने न येणे, हनुवटीवर केस, मुरुम, वजन वाढणे अशी लक्षणे असतील तर पीसीओएस असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे शंभरात आठ ते तेरा जणींना तो असतो. पुढे मधुमेहाचा धोका असल्याने त्याकडे लक्ष द्यावे, पण लग्नाच्या काळजीने मुलीला दोष देऊ नये. चालणे-फिरणे, आहार आणि गोळ्या यांनी तो आटोक्यात राहतो. सोनोग्राफीत बीजकोशात "गाठी" दिसल्या असे ऐकून घाबरू नये. या आजारातले ते बारीक फुगे ऑपरेशनने काढायचे नसतात.

आणखी एक गोष्ट. सण-समारंभासाठी किंवा खाडा चुकवण्यासाठी औषधाच्या दुकानातून पाळी लांबवण्याच्या गोळ्या आणून खाणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्या हार्मोनच्याच गोळ्या आहेत. महिन्यामागून महिने डॉक्टरांना न विचारता घेतल्या तर वेळापत्रक आणखी बिघडते.

पायरी-पायरीने जा

पहिली पायरी तपासणीची. हिमोग्लोबिन, थायरॉइड, आतून तपासणी, सोनोग्राफी. तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईने गर्भाशयाच्या मुखाची कॅन्सर तपासणी करून घ्यावी. पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून करायची ही चाचणी काही मिनिटांची असते. कॅन्सरची भीती वाटते ना? मग चाचणी करा. न तपासता पिशवी काढणे हा त्या भीतीवरचा उपाय नाही.

दुसरी पायरी औषधांची. संसर्ग असेल तर पूर्ण कोर्स, नवऱ्यानेही घ्यायचा असेल तर त्यानेही. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या, हिमोग्लोबिन भरून आल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर कधीच नाही, चहाने लोह अंगी लागत नाही. या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. रक्तस्राव जास्त असेल तर तो कमी करणारी ट्रानेक्झामिक ॲसिडची गोळी असते, हार्मोनच्या गोळ्या असतात.

तिसरी पायरी हार्मोन सोडणाऱ्या तांबीची. नेहमीच्या कॉपर-टीने रक्तस्राव वाढू शकतो, ही तांबी मात्र तो कमी करते आणि काही वर्षे काम देते. पिशवीत मोठी गाठ असेल तर पुष्कळदा फक्त गाठ काढता येते. लहान गाठीला त्रास नसेल तर काहीच करावे लागत नाही, पाळी गेल्यावर ती आपोआप आक्रसते.

शेवटची पायरी ऑपरेशनची. कॅन्सर असेल, अंग बाहेर येत असेल, सगळे उपाय करूनही रक्त थांबत नसेल, तर पिशवी काढावी लागते आणि त्याने जीवही वाचतो. त्या वेळी घाबरून मागे हटू नये. माझे म्हणणे एवढेच, की शेवटची पायरी पहिली करू नका.

पिशवी काढल्यावर

पिशवी काढली तर पाळी थांबते हे खरे. पण पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर बाई त्याच दिवशी म्हातारपणाच्या दारात उभी राहते. निसर्गाने पाळी जायची ती साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास. तिशीत हार्मोन एकदम बंद झाले की अंगातून वाफा, झोप उडणे, चिडचिड, हाडे ठिसूळ होणे, पुढे हृदयविकाराचा धोका, हे सारे ओघाने येते. बीजकोश ठेवले तरी ते काहीसे लवकर थकू शकतात. मोळ्या उचलून दुखणारी कंबर तर पिशवी काढून थांबतच नाही.

ज्या भगिनींची पिशवी आधीच काढलेली आहे, त्यांनी खचून जाऊ नये. डिस्चार्ज कार्ड शोधून बीजकोश ठेवले की काढले ते पाहावे. काढले असतील आणि वय पंचेचाळीसच्या आत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना हार्मोनच्या उपचाराबद्दल जरूर विचारावे. दूध, तीळ, नाचणी, पालेभाज्या जेवणात ठेवाव्या, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे.

डॉक्टरांना विचारा

विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, तो तुमचा हक्क आहे. कागदावर लिहून न्या:

१) मला नेमका कोणता आजार आहे? त्याचे नाव लिहून द्या.
२) औषधाने किंवा तांबीने तो बरा होणार नाही का?
३) कॅन्सरची चाचणी केली का? तिचा निकाल काय?
४) बीजकोश ठेवणार की काढणार? काढणार तर का?
५) सहा महिने थांबले तर काय बिघडेल?

समाधान झाले नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. गावची आशाताई सोबत येऊ शकते. ऑपरेशन झालेच तर संमतीपत्र वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका, आणि काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा अहवाल मागून घ्या.

कायदाही आपल्या बाजूने हलला आहे. २०१९ च्या गदारोळानंतर आपल्या जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट घालण्यात आली. अनावश्यक ऑपरेशने रोखण्यासाठी केंद्राच्या आरोग्य खात्याने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश दिला. पण कागदावरची अट आपण विचारल्याशिवाय जागी होत नाही, हे कारकून म्हणून मी खात्रीने सांगते.

घरातल्या पुरुषांना दोन शब्द

विटाळाविरुद्ध आपल्या समाजाइतके कोण लढले? १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा विटाळ मोडला. मग आपल्याच घरातली लेक पाळीच्या दिवसांत कोपऱ्यात का बसते? तिचा कपडा उन्हात वाळत घालायला आपल्याला लाज का वाटते? कपडा स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवला तर तोही चांगलाच असतो. अंधाऱ्या कोपऱ्यात लपवून ओला ठेवला तर त्यातूनच आजार होतो. फडावर जाताना ताडपत्रीची न्हाणी आणि पाण्याचा एक जादा ड्रम मुकादमाकडून सगळ्या टोळीने मिळून मागावा. एकटी बाई मागू शकत नाही.

बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार सरकारने आणि तिच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकानेही उचलावा, असे त्यांनी मांडले. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. त्याला जवळजवळ शंभर वर्षे होत आली, आणि आपल्या जिल्ह्यातली बाई मात्र चार दिवसांचा विसावा मिळत नाही म्हणून स्वतःचे गर्भाशय काढून देते.

परवा ती एकोणतीस वर्षांची सून, आता एकतिसाची, पुन्हा आली. या वेळी अर्ज लिहायला नाही. शेजारच्या गल्लीतल्या एका पोरीला सोबत घेऊन आली होती. म्हणाली, "ताई, हिलाबी पिशवी काढ म्हणलंय. मी म्हणलं, आधी रक्त तपास. कोणत्या दिवशी जायचं दवाखान्यात?"